फातोर्ड्याच्या गेटवरच्या त्या मंडळींना

शनिवारी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फुटबॉलचा सामना सुटल्यावर गेटपाशी बाबांना घेरी आली. धावत जाऊन लिंबू सोडा आणणारे दोघे मुलगे, स्वतःची खुर्ची देणारे सुरक्षारक्षक काका, तुमची नावं विचारायचीच राहिली. तेवढ्यात एफसी गोवाची बस बाहेर आली. काकांनी हात केला, बस थांबली आणि दोन खेळाडू चक्क खाली उतरले! एकाने वाकून बाबांचा हात हातात घेतला. त्याच्या मनगटावरची पट्टी अजून घामाने ओली होती. बाबांचं दैवत म्हणजे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, १९९७ चे अर्जुन पुरस्कार विजेते. त्यांच्याच गोष्टी बाबा सांगत बसले, आणि पोरं ऐकत राहिली. ड्रायव्हरदादा, तुम्ही एकदाही हॉर्न वाजवला नाहीत. तुम्हा सगळ्यांना मनापासून, देव बरें करूं.