पायवाट कोणाची, ते आधी ठरवा: मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
(वनखातं असो की जलसंपदा, खाली लिहिलेली पायवाट ज्यांची निघेल, त्यांनी हे पत्र आपल्यालाच आहे असं समजावं.)

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी विदर्भातल्या एका जलाशयाकाठच्या सपाट जंगलात चालताना मी चरात पडले. चर ताजा होता, पायवाटेला आडवा खणलेला, आणि त्यावर सागाची वाळकी पानं साचलेली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. मी निवृत्त परिचारिका आहे, त्यामुळे हात कसा वाकलाय ते बघूनच पुढचे दीड महिने कसे जाणार हे कळलं. हे पत्र उजव्या हाताने मोबाइलवर लिहितेय. लांबलं तर ते रागाने लांबलंय, हौसेने नाही.

चर कोणी खणला, एवढंच मी विचारलं. पहिल्या कार्यालयात सांगितलं, पाण्याच्या बाजूचं काम दिसतंय, त्यांना विचारा. दुसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी नकाशा उघडून दाखवला: पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरलं की पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, खालचं आमचं, वर झाडं लागली की त्यांचं. आमची पायवाट नेमकी मधे आहे. पाणी आणि झाडं यांच्यामधली ही काही हात रुंदीची पट्टी सरकारदरबारी कुठेच नाही. तिच्यावर पडलं की हाड मात्र खरंखुरं मोडतं.

जलाशयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चौकशी लागेल आणि ती खालच्या वनरक्षकापासून सुरू होऊन वनरक्षकापाशीच संपेल. त्या पोराने मला त्याच्या मोटरसायकलवर बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. त्या दिवशी सरकार म्हणून जे काही मला भेटलं, ते तेवढंच.

मागच्या निवडणुकीच्या तोंडावर याच वाटेचं ‘निसर्ग पायवाट’ म्हणून उद्घाटन झालं होतं. नारळ फुटला, फीत कापली, आम्हा चालणाऱ्या मंडळींना टाळ्या वाजवायला बोलावलं. वळणावळणावर खुणा, बसायला बाक, नाल्यांवर छोटे साकव, बायकांसाठी स्वच्छतागृह, असं सगळं फलकावर लिहिलेलं आहे. फलक उभा आहे. बाकीचं यायचंय. मधल्या काळात एक फाटक मात्र आलं, त्याला कुलूप आलं, आणि ते कुलूप चारचाकी आली की उघडतं. पायी आलेल्या माणसाने बाजूच्या तारेखालून वाकून जायचं. माझा गुडघा बदललेला आहे, महोदय. वाकणं हा माझ्यासाठी मोठा कार्यक्रम असतो.

माझ्या मागण्या किती किरकोळ आहेत ते बघा. चरावर एक फळी टाका. फाटकाशेजारी माणूस जाईल एवढी फट ठेवा. झाडांवर रंगाच्या खुणा करा. झालं. यातलं काहीही विधानसभेत मांडावं लागत नाही.

खुणा कशाला, असं विचाराल. डोंगरात चुकलेला माणूस उतार धरून निदान ओढ्यापर्यंत पोचतो. सपाट सागवनात उतारच नसतो. चारी दिशांना सारखीच झाडं, सारखीच पानं, आणि ढगाळ दिवस असेल तर सूर्यसुद्धा नाही. कक्ष क्रमांकाचे दगड असतात, पण ते तुमच्या माणसांना कळतात, आम्हाला नाही. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा, दिसली की ती वाट समजून आम्ही चालत सुटतो आणि भलत्याच बीटमध्ये, दुसऱ्याच वनरक्षकाच्या हद्दीत, निघतो.

साकवांचंही तेच. सपाट मुलखातलं धरण नकाशावर गोल दिसतं, चालायला लागलं की त्याला बोटं फुटलेली असतात. प्रत्येक नाल्यात पाणी आत घुसलेलं. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर, पण तिथे जायला नाल्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यावं लागतं. शिवाय जमीन सपाट, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ लांब पळतो. शंभर मीटरला एक मीटर उतार असलेल्या जमिनीवर पातळी एक मीटरने घटली की शंभर मीटर चिखल उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगा पडलेला, आतून गुडघाभर मऊ. पुढे त्याच पट्ट्यात गाळपेर होते, माणसं पिकं काढतात, आणि वाट पुन्हा बदलते. ऑक्टोबरची वाट वेगळी आणि फेब्रुवारीची वेगळी. हे मंत्रालयातून दिसत नाही. तुमच्याच वनमजुराला विचारलंत तर तो काठीने मातीवर काढून दाखवेल.

आता मुख्य दुखणं. या राज्याला निसर्गात जाणारी दोनच माणसं ठाऊक आहेत. एक, गड चढणारा तरुण. दोन, जिप्सीतून वाघ बघणारा पाहुणा. गडांना 2025 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मलाही भरून आलं, पण मी तिथे चढू शकत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024 साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे बघायला रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालं; उत्तम, आकाशाची सोय झाली, पायांची राहिली. गुडघे गेलेली बाई, बायपास झालेला गृहस्थ, पाच वर्षांचं नातवंड, पोटुशी सून यांनी कुठे जायचं? यांना शिखर नको, वाघ नको. झाडांच्या सावलीतून, पाण्याच्या कडेने दोन तास सरळ चालायचं असतं. 1892 साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याचा हिशेब मांडला: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या वाटेवर तो दुसरा तास कधीच लागत नाही. म्हणूनच आम्ही तिथे जातो, आणि बहुधा म्हणूनच तुमच्या लेखी हे पर्यटन नाही. जिथे धाप लागत नाही आणि तिकीट फाटत नाही, तिथे मंत्री कशाला जातील?

आयुष्यभर वॉर्डात पेशंटना सांगत आले, चाला, चालत राहा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं म्हणते. कुठे चाला, हे कोणी सांगत नाही. शहरात पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, बागेत गोल गोल फिरून कोलू फिरवल्यासारखं वाटतं. शेवटी जंगल उरतं, आणि तिथे चर.

सुरक्षेचं कारण पुढे येईल, ते आधीच निकाली काढते. वाघाच्या गाभ्यात लोकांना एकटंदुकटं सोडा, असं मी म्हणत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बायकांचं काय होतं ते चंद्रपूरच्या बातम्यांत मीही वाचते. पण शेजारच्या मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, तवा जलाशयाच्या बाजूला, माणसं वाटाड्याबरोबर पायी फिरतात. केरळात पेरियारला, 1895 च्या धरणाच्या पाण्याभोवतीच्या जंगलात, पूर्वी शिकार करणारी माणसंच आज वाटाडे होऊन लोकांना पायी नेतात. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत आणि सकाळी फिरायला येणारेही आहेत. 1972 चा वन्यजीव कायदा अभयारण्यातसुद्धा पर्यटनासाठी परवाना देऊ देतो. आणि आमचं जंगल तर अभयारण्यही नाही! तिथे गाडी चालते, पिकनिकचा डीजे चालतो, फक्त पाय चालत नाहीत.

धरणाच्या भिंतीवर जाऊ नका म्हणालात, तर मान्य. सांडव्याखाली जाऊ नका, तेही मान्य. दारं कधी उघडतील सांगता येत नाही. पण भिंतीपासून कोसभर लांब, मागच्या पाण्याच्या काठाला कसली गुप्तता? इंग्लंडात किल्डर नावाचा जलाशय आहे, त्याच्या सबंध काठाने सुमारे 42 किलोमीटरची वाट आहे. चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार सगळे जातात. सिंगापूरचं मॅकरिची तर पिण्याच्या पाण्याचं, तरी भोवतीच्या जंगलातून लोक चालतात. त्या पाण्याला काही झालेलं ऐकलं नाही. परदेशी अभ्यासदौऱ्यात या वाटा दिसल्या नसतील, कारण त्या बसमधून दिसत नाहीत.

देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांच्या वर. शिवाय भंडारा-गोंदियाचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव वेगळे, ते तर आपल्या पूर्वजांनी कोणाच्याही निविदेशिवाय बांधले. एवढं पाणी, एवढे काठ! त्यातल्या किती काठांवर खुणा केलेली, साठीच्या बाईला झेपेल अशी पायवाट आहे? मला एकाचंही नाव कळवा, प्लास्टर निघालं की जाऊन येते.

आता वनजमीन घ्या. राज्याच्या सुमारे एक पंचमांश भूभाग, एकसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या वर. 2011 च्या शिरगणतीने भागलं तर माणशी साडेपाचशे चौरस मीटर जंगल होतं. माझ्या फ्लॅटपेक्षा कितीतरी मोठं! माझ्या वाट्याचं साडेपाचशे मीटर मला नको, महोदय. त्यातली दीड फुटाची पट्टी पुरे, पण सलग.

आणि ही वाट आमच्यासारख्यांनी पाडलेलीही नाही. ती मुळात बैलगाडीची वाट आहे. धरण होण्याआधी ती ज्या गावाला जात होती, ते गाव आता पाण्याखाली आहे. एके ठिकाणी ती सरळ पाण्यात उतरते आणि दिसेनाशी होते. भर उन्हाळ्यात पाणी आटलं की विहिरीचा कठडा आणि जोत्याचे दगड वर येतात. त्या गावची म्हातारी माणसं दरवर्षी तेवढ्यासाठी येतात. देवळाच्या जागेवर हळदकुंकू वाहतात. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली करणारं हेच ते पुढारलेलं राज्य, आणि त्याच माणसांना आज फाटकावर विचारलं जातं, परवानगी आहे का? माझं तर नुसतं मनगट गेलं. त्यांच्यापुढे मी कुरकुर करायचीही लाज वाटते, पण करते, कारण त्यांचं पत्र कोणी वाचत नाही आणि माझं निदान चार जण पुढे पाठवतील.

कारण शेवटी हे त्या एका चराचं नाहीच. जे काम फुकट होतं, ज्यात कोणाला कंत्राट नाही, ज्याचं एकदा उद्घाटन झालं की पुन्हा करता येत नाही, ते या व्यवस्थेला दिसतच नाही. झाडावर रंगाचा पट्टा मारायला प्रस्ताव लागतो. चर खणायला मात्र कोणाचीच सही सापडत नाही. उद्या तुम्ही जागे झालातच तर मला दुसरी भीती आहे: काठावर फरशा बसतील, रंगीत दिवे लागतील, ‘आय लव्ह’ अशी अक्षरं आणि सेल्फीचा चौथरा उभा राहील, आणि वाटेवरचा मोहाचा वृक्ष रुंदीकरणात जाईल. कृपा करून तसं काही करू नका. त्यापेक्षा चर बरा.

दरम्यान मला वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही, रात्री कूस बदलली की कळ येते. हजारो हातांना मी प्लास्टर धरून दिलंय. स्वतःचं धरायला शेजारीण लागते. आमच्या गटातल्या दोघीजणींच्या घरून आता जंगलात जायला मनाई आहे, त्या टीव्हीपुढे बसतात. हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकता?

उत्तर येईल याची मला खात्री आहे. ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ हरकत नाही, वर्ग करा. फक्त तो संबंधित विभाग कोणता, त्याचं नाव स्पष्ट अक्षरांत लिहा. त्या कागदाच्या दोन प्रती काढून दोन्ही कार्यालयांत मी स्वतः नेऊन देईन. फळी तोवर आमची आम्ही टाकतोय. ती सरकारी जागेवरचं अतिक्रमण ठरत असेल, तर नोटीस कोण काढणार, तेही कळवावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका