वायरलेस एसी नियंत्रणात काही तारा हव्यातच

महोदय,

कार्यालयाची मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा स्वतंत्र वायरलेस नेटवर्कवर घेतली की भिंती न फोडता सेन्सर बसतात. मात्र ती पाहुण्यांच्या वाय-फायवर कधीही टाकू नये. सेन्सरसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा बरा, २.४ गिगाहर्ट्झपेक्षा तो काँक्रीटमधून चांगला जातो. पत्र्याच्या डक्टमागे (थंड हवा नेणाऱ्या नळीमागे) तरीही सिग्नल मरतो. सेन्सर थंड झोतात लावला, तर खोली उकडत असतानाच थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो.

चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) फ्लो स्विच, म्हणजे पाण्याचा प्रवाह थांबल्यास यंत्र बंद करणारा स्विच, प्रेशर कटआउट, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेल्यास यंत्र बंद करणारा स्विच, आणि आगीच्या वेळी पंखा थांबवणारी जोडणी मात्र तारेचीच हवी. सिग्नल तुटल्यावर स्थानिक कंट्रोलरने २४ अंशांवर काम चालू ठेवावे, ही अट निविदेत घाला. यंत्रणा ताब्यात घेताना गेटवेची (सेन्सरचे सिग्नल गोळा करणाऱ्या उपकरणाची) वीज काढून ही अट पाळली जाते का, ते तपासाच.

– एक वातानुकूलन अभियंता, पुणे