आई, त्या बाटल्या मी घेऊन आलेय

आई, बाबा,

पोचले नीट. आई, कपाटाच्या वरच्या फळीवर हात घालशील तर जागा रिकामी दिसेल, म्हणून आधीच सांगते, त्या बाटल्या माझ्याकडे आहेत. हळदीच्या कॅप्सूल, केसांच्या गोळ्या, इम्युनिटीची पावडर, सगळं. फेकलेलं काही नाही. शोभामावशीला यातलं बोलू नकोस, तिने मायेनेच दिलंय. आणि तुझ्या मनातलंही कळतं गं मला, दिवसाला एक छोटी गोळी घेऊन बसून राहायचं, बाकी आपण काहीच करत नाही असं वाटतं ना? पण आई, काम तीच गोळी करतेय.

ब्रेस्ट कॅन्सरवरची तुझी ती गोळी म्हणजे टॅमॉक्सिफेन, तिचं लिव्हरमध्ये एंडोक्सिफेन बनतं, खरा जोर त्याचा. 2019 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ही गोळी घेणाऱ्या 16 पेशंटना हळदीच्या अर्कासोबत मिरीचा अर्क दिला, तर एंडोक्सिफेन साधारण 12 टक्क्यांनी उतरलं. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण तुझ्या बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात हेच दोन्ही अर्क लिहिलेत, बाबांच्या भिंगाने वाचले मी. आधीच्या गोळीने, लेट्रोझोलने, सांधे धरले तेव्हा तुझे काय हाल झाले ते आपण तिघांनी बघितलेत, त्यानंतर ही गोळी सोसली, तर तिचा जोर आपणच का घालवायचा? वरणातली, भाजीतली हळद बंद करायची नाही हां, ती चिमूटभर असते.

केसांच्या गोळीत बायोटीन नावाचं व्हिटॅमिन आहे, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. मागचा विचित्र आला तो त्यामुळेच असं नाही म्हणत, पण डॉक्टरांना माहीत तर हवं. आणि डी व्हिटॅमिन आठवड्याच्या 60,000 युनिटच्या साशेत आहे, पावडरमध्ये परत आहे, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास.

मला खोकल्याचं औषध देताना तू बाटली खिडकीशी नेऊन तारीख वाचायचीस, चमच्यात थेंबभर जास्त पडलं तर परत ओतायचीस. मी रडायचे तरी ऐकायची नाहीस. आता तू माझं ऐक ना.

गुरुवारची वेळ घेतलीय, सगळ्या बाटल्या डॉक्टरांपुढे ठेवू, जे ते चालेल म्हणतील ते मी स्वतः परत आणून देईन, शब्द. एसटीने यायचं नाही, गाडी पाठवतेय, मागे उशी आणि पातळ शाल ठेवायला सांगितलंय, वाटेत चहाला थांबा. राहायला इथेच, खालची खोली तयार आहे, गिझर दुरुस्त झालाय, मऊ भात मीच लावेन.

बाबा, तुम्ही लक्ष ठेवा. थायरॉईडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, दोन्हीत चार तासांचं अंतर पाहिजेच. टॅमॉक्सिफेन एक दिवसही चुकवायची नाही. आणि कोणीही नवीन काही आणून दिलं तर हसून घ्या, पण झाकण उघडायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, रात्री अकरा वाजले तरी चालेल.

तुमची,
चिऊ

ता.क. आई, जुने रिपोर्ट हिरव्या फाइलीत आहेत, बुधवारीच पिशवीत भरून ठेव.