डाव्या डोळ्यातला धूर

धरमपेठ, नागपूर

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

डोळ्यात थोडं रक्त उतरलं, एवढंच फोनवर बोललो. ते अर्धंच होतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी डाव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगून राहिले होते. चष्मा पुसला, धागे तिथेच. डोळा फिरवला की तेही फिरायचे. इतवारीत पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक समोरून गेली तेव्हा त्या डोळ्याला नुसता तांबूस धूर दिसला. दुखलं मात्र काहीच नाही, म्हणून मी ४ दिवस घरी बसून राहिलो. फार चुकलं माझं.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोळ्यातल्या भिंगामागचा सगळा पोकळ भाग काचेसारख्या जेलनं भरलेला असतो, साधारण ४ मिलिलिटर. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. ऑक्सिजन कमी पडला की पडद्यावर नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या नाजूक की झोपेतही रक्त गळतं. ते जेलमध्ये पसरलं की उजेड पडद्यापर्यंत पोचत नाही. बाईंनाही आतलं दिसेना, म्हणून डोळ्याची सोनोग्राफी केली. पडदा सुटलेला नाही, हे ऐकून तुझी आई तिथेच रडली.

आता उशा उंच करून झोपतो. दिवसभरात रक्त खाली बसतं, सकाळी उठलो की पुन्हा गढूळ, विहिरीत बादली पडल्यावर होतं तसं. विरायला आठवडे लागतील, कदाचित महिने. डोळ्यात इंजेक्शन झालं, पडदा दिसू लागला की लेसर. नाहीच विरलं तर जेल काढायचं ऑपरेशन.

बाबू, तुला गेल्या दिवाळीत शुगर निघाली. तू चष्म्याचा नंबर तपासून आलास, पण पडद्याची तपासणी वेगळी असते. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतून पाहतात. आपल्यासारख्यांनी ती शुगर निघाल्याबरोबर करायची, मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. मला १४ वर्षं शुगर आहे आणि एकदाही केली नाही, कारण नीट दिसत होतं. वेळेत पाहिलं असतं तर लेसर तेव्हाच झालं असतं.

थेंबांनी काही तास धूसर दिसतं, गाडी नेऊ नकोस. आणि डोळ्यापुढं अचानक धागे, वीज चमकल्यासारखं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखव.

सोमवारी मला पुन्हा बोलावलं आहे. त्याआधी तुझी तारीख घेऊन कळव.

तुझे बाबा