किल्पेक आणि तो चॉकलेटी रंग

बंड्या,

दीड वर्ष झालं ना? शिव्या घाल, पण आधी वाच. तब्येत बरी, शुगर बॉर्डरवर, बास.

परवा इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरात किल्पेकला गेलो होतो. शेतांमधलं एवढंसं गाव, तिथलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च साधारण 1140 चं, म्हणजे आपले यादव अजून चालुक्यांचे मांडलिक होते तेव्हाचं! लाल सँडस्टोन, मागे पडक्या किल्ल्याचा ढिगारा. आत गेलो तर सभेची जागा, मग मधला भाग, मग अर्धगोल शेवट, एकामागे एक. सभामंडप, अंतराळ, गाभारा. चप्पल काढायला खाली वाकलोच होतो मी, खरंच.

दक्षिणेच्या दाराच्या खांबांवर साप एकमेकांना गिळतायत, वेलींत योद्धे अडकलेत. आणि छपराखाली भिंतभर कोरलेली तोंडं, 85 उरलीत. एक कुत्रा नि एक ससा शेजारीशेजारी बसलेत, शिकार विसरून फोटोला बसल्यासारखे. आणि एक बाई, शीला-ना-गिग म्हणतात तिला, दोन्ही हातांनी... तू ओळखलंस. आपली लज्जागौरीच रे, ती पाय फाकवून बसलेली बिनडोक्याची देवी, फक्त हिला डोकं आहे, तेही टकलं. सिन्नरच्या गोंदेश्वर देवळात नान्याने सरांना विचारलेला प्रश्न आठवला नि मी एकटाच खिदळलो, शेजारची म्हातारी बघत होती.

पण मग हसू गेलं. 1848 मध्ये कॉटिंगहॅम नावाच्या आर्किटेक्टने याची दुरुस्ती केली, तरी सशाचे कान अजून कसे स्वच्छ दिसतात. आणि आपल्या देवळातली ती वादक बाई? बोटं कुठे नि वाद्य कुठे, सगळं ऑइलपेंटखाली. चॉकलेटी! त्याला पैसे कोणी पाठवले, मी. तू म्हणालेलास, दगडाला रंग लावू नका, आणि मी म्हणालो पुण्यात बसून अक्कल शिकवू नकोस. पावतीवर माझं नाव पहिलं आहे. (तरी रंग चॉकलेटी असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भगवा असता तर मी आधीच ओरडलो असतो. बघ, अजून भांडतोय.)

दानपेटीत पाच पौंड टाकले तेव्हा हात जड झाला.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूचं ॲडमिशन झालं का? कळव.

आता कामाचं. रंग निघतो का? तुझा तो कन्झर्वेशनवाला मित्र अजून बोलतो का तुझ्याशी? सँडब्लास्टिंगवाल्याला मात्र उभा करू नकोस, आहे ती नक्षीपण जाईल. खर्च माझा. ट्रस्टींना मी फोन करतो, त्यांची बोलणी मीच खातो, फक्त डिसेंबरात येईन तेव्हा तू सोबत चल. एकट्याने त्या बाईसमोर उभं राहायची हिंमत नाही माझी.

तुझा,
पक्या