सूचना : पाकिटावरच्या नावाची नोंदणी

सांगलीतील हळद-बेदाणा पॅकिंग करणाऱ्या सर्व सभासदांना,

गुमास्ता (दुकानाची नोंदणी) काढला, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी झाली, की नाव आपलं झालं असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, त्यासाठी ट्रेडमार्क लागतो. ऑनलाइन फी एका वर्गाला (मालाच्या प्रकाराला) ४,५०० रुपये. भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल आणि उद्यम प्रमाणपत्र नसेल, तर ९,०००. हळद पावडर वर्ग ३० मध्ये, बेदाणा २९ मध्ये. दोन्ही विकत असाल तर फी दुप्पट.

आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधा, मगच पाकिटं छापायला टाका (उलटा क्रम फार महागात पडतो). नुसतं 'सांगली हळद' मागू नका, ते जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाचं नाव) आहे, कुणा एकाला मिळत नाही. गोलातला 'आर' नोंदणी झाल्यावरच छापायचा. तोवर 'टीएम' चालेल. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

– सचिव