रेडिओ बदला म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रेडिओवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी दोन शोध लावलेत. रात्री हवा थंड होते म्हणून लांबची स्टेशनं लागतात, आणि खरखर येत असेल तर सेट जुना झाला, नवा घ्या. धन्य!

आमच्या जिंतूरला मे महिन्यात रात्री दहालाही पत्रे तापलेले असतात. तरी वडील अंगणात बाजेवर पडून मुंबई आकाशवाणीचं 558 किलोहर्ट्झवरचं स्टेशन ऐकायचे, दिवसा त्याच काट्यावर नुसती खरखर. यात हवेचा काही संबंध नाही, सगळा खेळ उन्हाचा. सूर्यामुळे 60 ते 90 किलोमीटर उंचीवर जो थर तयार होतो तो मध्यम लहरी (मीडियम वेव्ह, ज्यावर ही स्टेशनं लागतात) गिळून टाकतो. दिवस मावळला की तो विरतो, अन् लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. नववीच्या पोरांना मी हे फळ्यावर काढून दाखवायचो.

आता सेटचं. माझा सेलवर चालणारा सेट तीस वर्षांचा आहे. दोन महिने झाले, परभणीच्या 1305 वर बातम्यांच्या मागे सारखी घर्रऽऽ. लेख वाचून मुलगा म्हणाला, "अण्णा, द्या आता भंगारात." संध्याकाळी लाईट गेली आणि काय सांगू, बातम्या एकदम स्वच्छ! लाईट आली, पुन्हा घर्रऽऽ. मग घरातलं एकेक बटण बंद करत गेलो. फ्रिज निर्दोष. मोबाइलचा चार्जर थोडा गुन्हेगार. खरा चोर गोठ्यात निघाला, आठवडी बाजारातून आणलेला स्वस्तातला एलईडी बल्ब! तो काढला. उरलेली कुरकुर सेट पाव फेरा फिरवल्यावर गेली. आतल्या फेराइटच्या कांडीचं (हीच सेटची एरियल) टोक स्टेशनकडे असलं की आवाज बुडतो, कांडी आडवी झाली की वर येतो. त्यामुळे आमचा रेडिओ सध्या देवळीत भिंतीकडे तोंड करून बसलाय, रुसलेल्या जावयासारखा.

जाता जाता, आकाशवाणीच्या कार्यक्रमांची चार ओळींची चौकट आपण कधीच काढून टाकलीत. जागा नसेल, मान्य. राशिभविष्याला मात्र अर्धं पान आहे. माझी रास कन्या. कालचं भविष्य होतं, 'नवी खरेदी टाळा.' लेखापेक्षा तेच कामाला आलं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जिंतूर (जि. परभणी)